निकाहनाम्यातल्या रिकाम्या ओळी

परिषदेच्या अध्यक्षा, उद्घाटक पाहुणे, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या कार्यकर्त्या, आणि घरात ‘जरा जाऊन येते’ एवढंच सांगून आलेल्या माझ्या बहिणींनो,

कोल्हापुरात तुमचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं जेवणाची आणि गाद्यांची सोय बघावी, भाषण आवरतं घ्यावं, असा संकेत आहे. सोय झाली आहे. रात्री तांबडा-पांढरा रस्सा आहे, ज्यांना चालत नाही त्यांना झुणका-भाकरी. भाषणाचं मात्र वचन देत नाही. मी वकील आहे.

आपण शाहू स्मारक भवनात बसलो आहोत. बाहेर पडलात की याच दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग दिसेल. १९०६ साली शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. कुराण मराठीत यावं म्हणून पैसा खर्च केला. १९१९ मध्ये संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. देशाला घरगुती हिंसाचाराचा कायदा करायला २००५ उजाडलं.

आणि याच गावातून नोव्हेंबर १९८५ मध्ये तलाक मुक्ती मोर्चा निघाला होता, थेट नागपूरपर्यंत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तलाकनंतर पोटगी मागणाऱ्या शाहबानोच्या बाजूनं निकाल दिला होता. नवरा इंदूरचा नामांकित वकील, पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्या रकमेवरून देश पेटला. मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या या मोर्चालाही वाटेत विरोध झाला. पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा करून तो निकाल निकामी केला. मोर्चातल्या बायका तेव्हा हरल्या, हे स्पष्ट म्हणायला हवं. त्याच्याही आधी, या मंडळाचे पुढे संस्थापक झालेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा तर सातच बायका होत्या.

पण कोर्टाची दारं हळूहळू उघडत गेली. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात १९८६ च्या कायद्याचाच असा अर्थ लागला, की नवऱ्यानं तलाकनंतरच्या इद्दतीच्या मुदतीतच बायकोच्या पुढच्या आयुष्याची तजवीज करावी. २००२ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हा निकाल आला. माझ्या पिढीच्या वकिलांना त्याची किंमत विचारा. तोवर पोटगीचा अर्ज टाकला, की नवऱ्याच्या लेखी जबाबात एक ओळ यायची: ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे.’ संपला विषय. पूर्णपीठानं सांगितलं, नुसतं म्हणून चालणार नाही. कारण काय होतं, समेटासाठी दोन्हीकडचे मध्यस्थ बसले होते का, हे सिद्ध करा. ही अट कुराणातलीच आहे, आणि ती नवऱ्याला लावली न्यायालयानं.

म्हणून ‘धर्माच्या आतून सुधारणा की संविधानाच्या बाजूनं’ हा आपल्यातला जुना वाद मला अर्धवट वाटतो. दलवाई म्हणत, धर्मग्रंथाचा आधार शोधत बसू नका, सर्वांना समान नागरी कायदा मागा. २००७ पासून भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कुराण हातात घेऊन बोलतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर चिडतात; उद्याच्या चर्चेतही चिडतील, चिडावंच. पण माझ्या टेबलासमोर बसलेली बाई हातात येईल ते हत्यार उचलते. मुस्लिम देशांचंच बघा: ट्युनिशियानं १९५६ मध्येच बहुपत्नीत्व बंद केलं, पाकिस्ताननं १९६१ मध्ये तलाकची लेखी नोटीस सक्तीची केली. तेव्हा ‘धर्म बुडतो’ हे कारण आम्हाला तरी सांगू नका.

२०१७ ला तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ ला गुन्हा ठरला. मला त्या कायद्याचं निखळ कौतुक नाही. नवरा तीन वर्षं आत गेला, तर पोटगी द्यायची कुणी? शिवाय पुरुष शहाणे झाले. आता तोंडानं तलाक म्हणतच नाहीत. बाईला पोरांसकट माहेरी आणून सोडतात. नेत नाहीत, सोडचिठ्ठीही देत नाहीत. हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा? १९३९ च्या कायद्यानं दोन वर्षं खावटी न दिल्यास तिला स्वतः विवाहविच्छेद मागता येतो. पण हे तिला सांगतं कोण? जमातीच्या बैठकीत तर ती दाराबाहेर उभी असते.

स्वागत समितीनं दोन ठराव सुचवले आहेत. पहिला, प्रत्येक जमातीच्या समेट-बैठकीत निदान दोन बायका बसाव्यात. चहा करायला नव्हे, निर्णयाला. दुसरा निकाहनाम्याचा. अटींच्या ओळी रिकाम्या ठेवून सही घेतली जाते, आणि मेहर लिहितात ७८६ रुपये. आकडा पवित्र, पण त्यात गॅस सिलिंडरही येत नाही! मेहर ऐपतीप्रमाणे लिहावी. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं किंवा खर्च दिला नाही, तर तलाकचा अधिकार बायकोकडे, ही अट त्या ओळींत घालावी. असा बायकोकडे सोपवलेला तलाक, म्हणजे तलाक-ए-तफवीज, शरियतीला मान्य आहे, कोर्टालाही. संसद नको, मोर्चा नको. काझीसाहेब आणि मुलीचा बाप, दोघांनी ठरवलं तर येत्या निकाहलाच होईल.

ज्यांचे खटले चालू आहेत त्यांच्यासाठी एक सूचना: ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, भाऊसिंगजी रोडला, बसतं. इथल्या भागातल्या खटल्यांसाठी मुंबईची गाडी पकडायची गरज उरलेली नाही. आम्ही काही वकील मंडळी दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसू. कागद आणले असतील तर घेऊन या. फी नाही. आता मी माईक उद्घाटकांकडे देते.