राखणीचा कुत्रा आणि दावणीचा बैल
(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथील बैठकीतील भाषण)



एरवी आपण जमतो ते कापसाच्या भावासाठी, ज्वारीच्या खरेदीसाठी. आज बोलायचे आहे ते दावणीला बांधलेल्या आणि उंबऱ्यापाशी बसलेल्या मुक्या जिवांबद्दल. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. जनावरांचे डॉक्टर नाही. पण गावोगाव फिरताना पशुवैद्यकीय दवाखान्यात आमची ऊठबस असते. तिथल्या डॉक्टरांकडून जे ऐकले, पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

शहरात कुत्रा हौसेचा असतो. आपला कुत्रा कामाचा गडी आहे. रात्री रानडुकरे हाकलतो, खळ्यावर राखण करतो, आणि मजुरी म्हणून शिळी भाकरी खातो. बैलाला खुराक देताना आपण हिशेब करतो. कुत्र्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

दवाखान्यात येणारी कुत्र्यांची दुखणी तीन-चारच. पिलांना जंत होतात, पोट फुगते, अंग वाळते. पार्व्होची साथ आली की उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिलू दोन-तीन दिवसांत जाते. त्याला लस आहे. गोचिडी होतात, आणि इथे आपण घात करतो. कपाशीवर फवारायचे औषध उरले की तेच कुत्र्याच्या, वासराच्या अंगाला चोळतो. ते कातडीतून आत जाते, जनावर स्वतःला चाटते तेव्हा पोटातही जाते. मग लाळ गळते, अंग थरथरते, आणि गोचिडीआधी जनावर मरते. गोचिडीचे औषध दवाखान्यातून घ्या. तसेच माणसाची तापाची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरते.

हे झाले जनावराच्या जिवाचे. आता माणसाच्या जिवाचे बोलू. कुत्रा पिसाळणे म्हणजे रेबीज. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्याकडून येतो. लक्षणे दिसू लागली की जगातला कुठलाही डॉक्टर वाचवू शकत नाही. मात्र चावल्याबरोबर उपाय केला तर हा रोग हमखास टळतो. लुई पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या पोराला लस टोचून ते दाखवून दिले. त्याला शंभरावर वर्षे झाली. तरी आपल्याकडे जखमेवर चुना-मिरची भरतात, उतारा काढतात, आणि मोलाचे दिवस घालवतात.

तेव्हा पाठ करून ठेवा. कुत्रा चावला की जखम साबणाने, धारेच्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. हळद, तेल, चुना काही लावायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची आणि सगळे डोस पुरे करायचे. दात रुतून रक्त आले असेल तर जखमेत सोडायचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते इथे मिळेल का, की पुढच्या दवाखान्यात जावे लागेल, हे तिथेच विचारायचे. कुत्रा दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवता आली तर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

आता दावणीकडे या. बैल वैरण खाईना, लाळ गाळतो, आवाज घोगरा झाला, पाणी गिळवेना. घरचा कर्ता माणूस म्हणतो, घशात काहीतरी अडकले. आणि कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. भावांनो, तो बैल महिना-दोन महिन्यांपूर्वी रानात पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला असू शकतो. त्या लाळेत रेबीज असतो आणि हातावर कुळवाच्या, विळ्याच्या जखमा असतात. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, नाळाने औषध पाजू नका. वेगळे बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पथकाची गाडी मागवता येते. आणि कुत्रा चावलेला डोळ्यांनी पाहिला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. बैलाचीही जखम धुवा, त्यालाही त्याच दिवसापासून लसीचे डोस सुरू होतात.

कुणी म्हणेल, हे कुंभारीतच का सांगता? इथे शिवार आणि वस्ती एकमेकांना येऊन लागली आहेत. २००६ साली विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत झाली. २०२४ च्या जानेवारीत रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कष्टकऱ्याला घर मिळाले, चांगलेच झाले. पण जिथे माणूस तिथे खरकटे, आणि खरकटे तिथे कुत्री. ती दिवसा वस्तीत आणि रात्री आपल्या गोठ्याभोवती. वस्तीतल्या पोराला आणि आपल्या बैलाला चावणारा कुत्रा एकच असतो. म्हणून हे काम वस्तीने आणि शेतकऱ्याने मिळून करायचे आहे.

कुत्री मारून रोग जात नाही. मारलेल्यांच्या जागी दुसरी, बिनलसीची येतात. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने घरोघर, गल्लोगल्ली लस टोचली आणि २०२१ साली रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केले. त्याआधीची तीन वर्षे तिथे या रोगाने एकही माणूस गेला नव्हता.

आपल्याला जमणार नाही असे का समजायचे? २०२२ साली लंपी आली, गुरांचे बाजार बंद पडले, तेव्हा गावोगाव गुरे उभी करून लस टोचून घेतलीच ना? बैल जाईल या भीतीने आपण एक झालो. इथे तर पोर जाण्याची भीती आहे.

तीन कामे घेऊन घरी जा. एक, आपापल्या गल्लीतली कुत्री मोजून यादी करा. दोन, ग्रामसभेत ठराव करून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लसीकरणाचा दिवस मागा, आणि त्या दिवशी कुत्री धरायला पोरे द्या. तीन, आरोग्य केंद्रात जाऊन लसीचा साठा आहे का, हे आजच विचारा. नसेल तर लेखी जाब मागा. चावल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली यादी आणावी. भाव मागताना आपण हिशेब घेऊन जातो. हाही हिशेब तसाच मांडू.