डोक्यावरचे छत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मला बोलायला उभे केले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोक्यावर पत्रा आहे, म्हणून पत्र्याखाली लावायच्या छताविषयी चार शब्द सांगते.

आपल्या आज्या धाब्याच्या घरांत नांदल्या. माथ्यावर मातीचा जाड थर, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा. धाबी गेली, पत्रे आले. दरवर्षी माती चढवण्याचे कष्ट वाचले खरे, पण जळगावचा वैशाख सरळ घरात उतरला. पारा ४४-४५ अंशांवर गेला की पत्रा दिवसभर आच टाकीत राहतो. आमच्या सासूबाईंना दुपारी घरात पडवत नसे. खाट उचलून लिंबाखाली न्यावी लागे. तेव्हा छत हवे, ही चैन नव्हे, गरज आहे.

पण पैसा बेताचा. म्हणून जे मिळेल ते आपण वर ठोकतो. कुणी पुठ्ठे लावते, कुणी जुन्या साड्या ताणते, तर कुणाच्या घरी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. साहेब वरून हात जोडून हसत असतात आणि खाली आपण भाकऱ्या थापतो! सगळ्यांत जास्त खप थर्मोकोलचा. तो हलका, स्वस्त, आणि पोटात बहुतेक हवाच असल्यामुळे उष्णता खरोखर अडवतो. २०१८ साली आपल्या राज्यात मखरांच्या थर्मोकोलवर बंदी आली, पण घरांच्या छतांत तो राहिलाच.

आमच्या यांनाही एका दुकानदाराने तोच सुचवला होता. मी एक तुकडा मागून आणला आणि अंगणात, घरापासून दूर, चिमट्यात धरून त्याला काडी लावली. तो आधी आकसला, मग पेटला. काळा धूर निघाला आणि जळते थेंब खाली टपटपले. हे थेंब निजलेल्या लेकराच्या अंगावर पडले तर? मी यांना म्हटले, उकाड्याने जीव घाबरतो, पण आगीने तो जातो. थर्मोकोल घरात आला नाही.

मग आम्ही बुरूड आळीतून बांबूचे तट्टे आणले. कसर लागू नये म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडरीच्या पाण्यात भिजवून वाळवले. ते पाणी मुलांपासून जपावे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून लाकडी पट्ट्यांवर तट्टे बसवले, आणि कुडाच्या भिंतीला सारवतो तसे खालून माती-चुन्याने पातळ सारवले. वरच्या पोकळीची दोन्ही टोके मोकळी ठेवून जाळी मारली. गरम वारा बाहेर जातो, उंदीर आत येत नाहीत. आता सासूबाई दुपारी घरातच लवंडतात.

बांबूही जळतो, हे विसरू नये. म्हणून चुलीच्या आणि गॅसच्या वर छत घातलेच नाही, तिथला पत्रा उघडा ठेवला. विजेच्या तारा पोकळीतून नेताना नळीतून न्याव्या. चिकटपट्टीचे सांधे वर दडवू नयेत. गळती आधी काढावी, छत मागून.

ज्यांना दोन पैसे जास्त घालता येतील त्यांनी जिप्समचा बोर्ड पाहावा. त्याच्या अंगातच पाणी बांधलेले असते, त्यामुळे तो आगीला पुष्कळ वेळ दाद देत नाही. मात्र ओल त्याला सोसत नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वाळवी लागत नाही, पण जळल्यास त्यांचा धूर फार विषारी. आणि जुने सिमेंटचे पत्रे कापून छताला कधीही लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात बसते, आणि त्याच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भगिनींनो, स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा नाही. पण डोक्यावर काय चढवायचे, हे पुरुष आणि दुकानदार यांच्यावरच सोडू नका. त्याखाली दिवसभर आपण असतो. मंडळाने एकदम तट्टे मागवले तर भावही बरा पडेल. शिडी आमच्या घरी आहे. होळीच्या आत ज्यांच्या चुलीवर थर्मोकोल किंवा फ्लेक्स आहे, त्यांचे छत आधी उतरवू. मी मदतीला येईन.