वंगण आणि दात्यांवरचे खड्डे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखाना रात्रंदिवस धडधडत असतो. चरकाचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. त्यांना फिरवणारी मोटर किंवा टर्बाइन मात्र कितीतरी वेगाने फिरते. हा वेग उतरवून जोर वाढवण्याचे काम गियरबॉक्स करते. ती बंद पडली की गाळप थांबते. तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरही. नुकसान शेतकऱ्यापर्यंत पोहोचते.

गियरचे दाते घासून झिजतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण ते थकतातही. एकाच जागी लाखो वेळा दाब पडला की पोलादाला बारीक तडा जातो. तो वाढत गेला की टवका उडतो आणि खड्डा पडतो. यालाच पिटिंग म्हणतात. १९३५ साली स्टुअर्ट वे या संशोधकाने प्रयोगांतून एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. कोरड्या पृष्ठभागावर असे खड्डे पडले नाहीत; तेल लावल्यावर पडले! तड्यात शिरलेले तेल दाबाखाली पाचरीसारखे काम करते, असे त्याने सांगितले.

मग तेल घालूच नये काय? तसे केले तर धातूला धातू भिडेल, उष्णतेने दाते एकमेकांना चिकटतील आणि ओरबाडले जातील. वे यांनाच असेही आढळले, की तेल पुरेसे घट्ट असेल तर खड्डे टळतात. तेलाचा थर दोन्ही दात्यांना वेगळे ठेवतो. हा थर बहुधा एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ असतो. वेग कमी असला की तो आणखी पातळ होतो. म्हणून संथ, अवजड गियरला घट्ट तेल लागते. जोडीला गंधक व फॉस्फरसची संयुगेही घालतात. थर तुटलाच, तर ती धातूवर रक्षक पापुद्रा धरतात.

म्हणून तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे समजावे. चुंबकी बुचावर करडी बारीक भुकटी दिसणे नेहमीचे. चमकदार टवके मात्र धोक्याची सूचना आहेत. ऑइलमनने तसे सांगितले, तर ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणू नये. तासाभराची तपासणी पुढचे कित्येक दिवस वाचवू शकते.