ब्रेक, स्पेसर आणि उष्णतेचा हिशेब

स्पोर्ट्स मोटारीला मोठे ब्रेक बसवणे आणि तिच्या चाकांमागे स्पेसर घालणे ही दोन कामे दुकानाच्या दरपत्रकात वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेली असली, तरी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती पुष्कळदा एकाच निर्णयाची दोन टोके असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवणारा जो जबडा असतो त्याला कॅलिपर म्हणतात, आणि हा कॅलिपर आकाराने वाढला की तो चाकाच्या आऱ्यांना आतून टेकू लागतो. मग चाक ज्यावर बोल्टांनी आवळले जाते तो हब आणि चाक यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती सरकवून चाक बाहेर आणावे लागते. हीच चकती स्पेसर होय. केवळ चाके मडगार्डच्या कडेपर्यंत येऊन गाडी रुंद दिसावी म्हणूनही स्पेसर घेतले जातात, आणि दुकानांतला बराचसा खप याच हौसेवर चालतो, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

दक्षिण आणि मध्य मुंबईत या हौसेला जागा आणि पेठ दोन्ही आहेत. ऑपेरा हाऊस ते ग्रँट रोड या पट्ट्यात मोटारीच्या सुट्या भागांची जुनी दुकाने आहेत, परळ आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या तळघरांत ताडदेव आरटीओची एमएच-०१ पाटी लावलेल्या परदेशी गाड्या उभ्या असतात, आणि ११ मार्च २०२४ रोजी वरळी ते मरीन ड्राइव्ह असा सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून त्या गाड्यांना घराजवळच मोकळा रस्ता मिळाला आहे. या रस्त्यावर सरळ भागात ताशी ८० किलोमीटर आणि गिरगाव चौपाटीजवळ बाहेर पडणाऱ्या, दोन किलोमीटरहून थोड्या लांब बोगद्यात ताशी ६० किलोमीटर अशी मर्यादा आहे. रात्री तेथे धावणाऱ्या काही गाड्यांच्या आवाजाबद्दल आसपासच्या रहिवाशांनी ज्या तक्रारी केल्या, त्यावरून ही मर्यादा किती पाळली जाते याचा अंदाज यावा. तरीही ब्रेकचा विचार करताना आधी कायदेशीर वेगच धरला पाहिजे, कारण त्यातून निघणारे उत्तर पुरेसे उद्बोधक आहे.

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. गतीमुळे गाडीत साठलेली ऊर्जा तो घर्षणाने उष्णतेत बदलतो, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ३ लाख ७० हजार ज्यूल ऊर्जा असते, आणि वेग १०० झाला की हीच ऊर्जा सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल होते. म्हणजे वेगात एक चतुर्थांश भर पडली असता उष्णतेचा बोजा दीडपटीहून अधिक होतो. थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पुढची प्रत्येक डिस्क ८ किलोची धरली आणि सगळी उष्णता क्षणभर तिच्यातच राहिली असे मानले, तर ८० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबल्याने त्या डिस्कचे तापमान सुमारे ३५ अंशांनी वाढते. इतकी उष्णता कारखान्यातून आलेला कोणताही धड ब्रेक सहज पचवतो, आणि ती पुढच्या सिग्नलपर्यंत वाऱ्यावर विरूनही जाते.

उष्णता साठून राहिली तर काय होते, हे मुंबईला पद्मिनी टॅक्सीने अनेक वर्षे दाखवले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणाऱ्या या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते, म्हणजे बंद डब्यासारख्या फिरत्या भागात आतून बाहेरच्या दिशेने दाबले जाणारे पट्टे होते, आणि बंदिस्तपणामुळे त्यांतली उष्णता लवकर बाहेर पडत नसे. उतारावर सतत ब्रेक दाबला की पट्ट्यांची पकड सुटू लागे. उघड्यावर फिरणाऱ्या डिस्कची कल्पना त्याहून खूप जुनी असून फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते, पण तिचा दबदबा निर्माण झाला तो १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून मलूल होत असताना जॅग्वारचे चालक वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक दाबू शकत होते, आणि तेही तासामागून तास. या विजयात मोलाचा ठरला तो ब्रेकचा हा टिकाऊपणा.

मुंबईच्या गाडीला अशा टिकाऊपणाची गरज पडते ती बोरघाटात. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते, आणि १५०० किलो वजनाच्या गाडीसाठी ही उंची म्हणजे सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा होय. परळच्या रहदारीत ताशी ४० वरून थांबण्याच्या क्रियेशी तुलना केली तर अशा जवळजवळ ८० थांब्यांची उष्णता त्या एका उतारात सामावलेली असते. तिचा काही वाटा हवेचा रोध घेतो, आणि गिअर खाली ठेवल्यास बराच वाटा इंजिन घेते, पण जो चालक वरच्या गिअरमध्येच राहून पेडलवर पाय ठेवून उतरतो, त्याच्या बाबतीत जवळजवळ सगळा भार डिस्कवर येतो. रविवारी पहाटे दादरहून लोणावळ्याला जाऊन परत येणाऱ्यांना मोठ्या ब्रेकविषयी प्रश्न पडतो तो बहुधा याच उतारावर, आणि तेथे तो रास्तही आहे.

मोठा ब्रेक प्रत्यक्षात काय देतो, याबाबत मात्र गैरसमज फार आहेत. डिस्कचा व्यास ३३० वरून ३५५ मिलिमीटर केला की पॅडची पकड केंद्रापासून दूर जाते आणि तेवढ्याच दाबात थांबवण्याचा जोर सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी वाढतो. डिस्क जड झाल्याने ती अधिक उष्णता साठवते, आणि तिच्या दोन पृष्ठांमधल्या पोकळीतून हवा खेळल्याने ती लवकर निवते. परंतु गाडी थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते. कारखान्यातला ब्रेक जर चाक जाम करण्याइतका, म्हणजे जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा जागी करण्याइतका जोर आधीच देत असेल, तर दुप्पट महागड्या ब्रेकनेही पहिल्या थांब्याचे अंतर घटत नाही. दहाव्या थांब्याचे अंतर पहिल्याइतकेच राहते, एवढा लाभ होतो. फक्त पुढचेच कॅलिपर मोठे केले तर उलटही घडते: पुढच्या चाकांवर प्रमाणाबाहेर जोर जाऊन मागच्या चाकांची पकड वापरलीच जात नाही, आणि मोठ्या पिस्टनांना अधिक तेल लागत असल्याने पेडलला जोडलेल्या मूळ मास्टर सिलिंडरचा दांडा जास्त आत जाऊन पेडल खाली बसल्यासारखे लागते. म्हणून जाणते फिटर पिस्टनांचे क्षेत्रफळ मूळ कॅलिपरशी ताडून पाहिल्याशिवाय संच घेऊ देत नाहीत.

याहून पुष्कळ स्वस्त आणि मुंबईत अधिक निकडीचा उपाय तेलाचा आहे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते, आणि समुद्रकाठच्या शहरात, त्यातही पावसाळ्याच्या चार महिन्यांत, ही वाफ मुबलक असते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांना उकळले पाहिजे असे मानक आहे, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की किमान १५५ अंशांचीच हमी उरते, डॉट-५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात पण जोर पुढे पोचवत नाहीत, आणि पेडल सरळ तळाला जाते. दर दोन वर्षांनी तेल बदलणे, चांगल्या प्रतीचे पॅड आणि नवे टायर घेणे, एवढ्यावर घाटाची बहुतेक तक्रार मिटते, पण ही दुरुस्ती चाकातून दिसत नसल्यामुळे तिचे कौतुक होत नाही. दिसण्याचा मोह कुठवर जातो, याचे उदाहरण म्हणून पोर्शच्या पिवळ्या कॅलिपरकडे पाहता येते: त्या कंपनीत पिवळा रंग कार्बन-सिरॅमिक डिस्कची खूण आहे, आणि अशी डिस्क लोखंडी डिस्कच्या निम्म्या वजनाची असते, साध्या लोखंडी डिस्कवर पिवळा रंग फासलेले कॅलिपर पाहून जाणकारांना हसू येते.

मोठा ब्रेक घेण्याचे ठरलेच, तर स्पेसरचा प्रश्न विकत घेण्यापूर्वी सोडवायचा असतो. संचाचे निर्माते कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात, तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, चाक काढून त्यात आतून फिरवायचा आणि आऱ्यांपासून किमान ३ मिलिमीटर मोकळीक राहते का ते पाहायचे. ती राहत नसेल तरच, आणि कमी पडेल तेवढ्याच जाडीचा, स्पेसर योग्य ठरतो. पोर्श ९११ चे उदाहरण घेतले तर तिच्या हबवर ५ बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि हबच्या मधला उंचवटा ७१.६ मिलिमीटरचा असतो. चाक बरोबर केंद्रात धरण्याचे काम हा उंचवटा करतो. १० मिलिमीटरचा स्पेसर घातला की उंचवटा झाकला जातो, म्हणून स्पेसरला स्वतःचा तेवढाच अचूक उंचवटा हवा, नाहीतर चाक केवळ बोल्टांच्या आधाराने कसेबसे केंद्रात राहते आणि वेगात स्टीअरिंग थरथरते. बोल्टही लांब लागतो. त्याच्या आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर असल्याने जुनाच बोल्ट वापरला तर १० मिलिमीटरच्या स्पेसरमुळे जवळजवळ ७ फेऱ्यांची पकड जाते, आणि १४ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाची किमान तेवढीच लांबी हबमध्ये गेली पाहिजे, हा साधा नियम मोडतो. बोल्टाच्या डोक्याखालची बैठक गोल आहे की शंकूसारखी, हेही चाकाशी जुळले पाहिजे. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक.

मध्य मुंबईत या टप्प्यावर एक खास मोह उभा राहतो. १८७९ मध्ये सुरू झालेला परळचा रेल्वे कारखाना आणि नंतर बंद पडलेल्या गिरण्या यांनी या भागात लेथवर काम करणाऱ्या टर्नर मंडळींच्या पिढ्या घडवल्या, आणि नमुना दिला की तसाच स्पेसर कातून देणारा कारागीर येथे सहज सापडतो. माप तो अचूक राखेल यात शंका नाही; पण हातात आलेला ॲल्युमिनियमचा गोळा ६०६१ किंवा ७०७५ जातीचा, उष्णता-प्रक्रिया केलेला आहे की भंगारातून ओतलेला, हे लेथ सांगू शकत नाही, आणि ओतीव धातू वारंवार येणाऱ्या ताणाखाली तडकतो. म्हणून कारागिरावर पूर्ण भरवसा असला तरी स्पेसर धातूच्या प्रमाणपत्रासह आलेलाच घ्यावा.

चाक बाहेर सरकल्याचा परिणाम स्टीअरिंगवरही होतो. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला असता जिथे टेकतो तो बिंदू आणि टायरच्या तळव्याचा मध्य यांतले अंतर निर्माते काळजीपूर्वक ठरवतात, आणि स्पेसर ते जवळपास आपल्या जाडीइतके बदलतो. अंतर बाहेरच्या बाजूला वाढले की लालबागच्या रस्त्यावर एक चाक उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि दुसरे सपाट काँक्रीटवर असताना ब्रेक दाबल्यास स्टीअरिंग हातातून ओढले जाते. शिवाय खड्ड्याचा धक्का अधिक लांब तरफेने बेअरिंगवर येतो. काही गाड्यांसाठी पोर्शने स्वतः ५ मिलिमीटरचे स्पेसर पर्याय म्हणून दिले होते, तेव्हा एवढ्या जाडीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, मात्र २० मिलिमीटरची गोष्ट निराळी.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे की, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात निर्मात्यानेच दिलेला ब्रेक बसवणे त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या जसे सोपे, तसे कायद्याच्या दृष्टीनेही कमी जोखमीचे. विमा कंपनीला मात्र प्रत्येक बदल लेखी कळवावा लागतो, आणि हे टाळणारे अपघातानंतर अडचणीत येतात.

बसवणी झाल्यावर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावावे लागतात, म्हणजे पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. त्यासाठी मध्यम वेगावरून अनेकदा वेग कमी करायचा पण पूर्ण थांबायचे नाही, आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहायचे नाही, अशी रीत आहे. दिवसा दादर टीटीच्या सिग्नलांमधून हे जमणे शक्य नसते, म्हणून पहाटेचा मोकळा रस्ता गाठावा लागतो. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याने सांगितलेल्या जोरापर्यंत आवळून, ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात. खाऱ्या दमट हवेत लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमचा स्पेसर यांच्यात विद्युत-रासायनिक गंज धरून दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटतात, तेव्हा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, चाके उतरवून स्पेसर सोडवावा, हब तारेच्या ब्रशने साफ करून कोरडा करावा आणि मगच सगळे पुन्हा आवळावे.