पाण्याचा हक्क आणि पाण्याची परीक्षा



पाण्याचा विषय निघाला की आपणांस महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे तळे बाटले अशी ओरड झाली आणि शेण, गोमूत्र ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

त्याच १९३७ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. तिचा आपल्या चळवळीशी त्या वेळी काहीही संबंध नव्हता. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात कित्येक खेड्यांतील माणसांचे दात डागाळलेले व पाठी ताठरलेल्या आढळत होत्या. डॉ. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास करून दाखवून दिले की, याचे कारण विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड हे द्रव्य होय. भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती अशी.

या दोन घटना मी एकत्र ठेवतो, कारण पाण्याच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पाणी कोणी भरावे, हा पहिला. भरलेले पाणी पिण्यास योग्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपण झगडून मिळविले. दुसऱ्याकडे आपले लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही.

न्यायालयात आम्ही साक्षीदार तपासतो, तेव्हा त्याला ती गोष्ट कळण्याचे साधन होते काय, हे प्रथम विचारतो. पाण्याच्या बाबतीत डोळा, नाक आणि जीभ हे तीन साक्षीदार आपण मानतो. गढूळपणा, दुर्गंधी, खारटपणा हे ते सांगू शकतात. परंतु फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांना पिण्याच्या पाण्यात आढळतात त्या प्रमाणात रंग नसतो, वास नसतो, चव नसते. तेथे हे तिन्ही साक्षीदार निरुपयोगी ठरतात. ‘पाणी काचेसारखे स्वच्छ आहे’ हा पुरावा नव्हे.

फ्लोराइड कोणी कारखान्यातून आणून ओतलेच पाहिजे असे नाही. ते काही खडकांतच असते. पाणी अशा खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिले म्हणजे ते त्यात विरघळते. म्हणून पुष्कळ ठिकाणी उथळ विहिरीपेक्षा खोल विंधनविहिरीत त्याचे प्रमाण जास्त सापडते. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत ही आपत्ती आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा.

त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर प्रथम मुलांचे दात सांगतात. हिरडीखाली दात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, त्यांवर परिणाम होतो. खडूसारखे पांढरे ठिपके व पुढे पिवळे-तपकिरी पट्टे दिसू लागतात. घासून ते जात नाहीत. एकाच वस्तीतील अनेक मुलांचे दात असे दिसत असतील, तर मुलांना रागावू नका, पाणी तपासा. मोठ्या माणसांत ते हाडांत साठते. मान, पाठ, गुडघे आखडतात, आणि अखेर कणा वाकतो. एकदा वाकलेला कणा औषधाने सरळ होत नाही. अशा इसमाला कोणी करणी केली असे म्हणतात, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणतात. ते पाप नव्हे, करणीही नव्हे. त्याचे कारण त्याच्या घागरीत होते.

नायट्रेटची गोष्ट निराळी. शेतातील खते, गोठ्याचा व संडासाचा निचरा यांतून ते विहिरीत उतरते. याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतील बालकाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळसर पडतात आणि जीवही जाऊ शकतो. मातांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आर्सेनिकने बंगालमध्ये काय केले, तेही शिकण्यासारखे आहे. तळ्याच्या पाण्यातील रोगजंतू टाळावेत, या सद्हेतूने तेथे नळकूप खोदण्यात आले. जंतू टळले, परंतु भूगर्भातील आर्सेनिक वर आले. १९८० नंतरच्या दशकात पश्चिम बंगालमध्ये आणि पुढे बांगलादेशात त्वचेवर डाग, तळहातांना घट्टे व कर्करोग यांनी पीडित लोक मोठ्या संख्येने आढळले. पंप बसला म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत किती महाग पडते ते यावरून दिसते.

भगिनींनो, पाणी उकळण्याची सवय उत्तम आहे, ती सोडू नका. उकळल्याने जंतू मरतात. परंतु ही द्रव्ये जात नाहीत. उलट पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी फिरविणे, फडक्याने गाळणे, क्लोरीन टाकणे यांनीही ती निघत नाहीत. फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने चुना व तुरटी ठरावीक मापात वापरण्याची नालगोंडा पद्धत तयार केली. परंतु तिचे माप पाण्याच्या परीक्षेवरूनच ठरते. उत्तम उपाय म्हणजे निर्दोष उद्भवाचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास घेणे. दूषित पंपाचे पाणी धुण्याभांड्यांस वापरावे.

आता कायद्याचे सांगतो. जीविताच्या हक्कात, संविधानाच्या २१व्या अनुच्छेदात, प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ साली सांगितले आहे. तेव्हा पाण्याची परीक्षा मागणे ही याचना नव्हे.

ती मागावी कशी? प्रथम, आपल्या वस्तीच्या प्रत्येक पंपाची व विहिरीची स्वतंत्र परीक्षा मागा. शंभर पावलांच्या अंतरावरील दोन उद्भवांचे पाणी भिन्न असू शकते. गावच्या विहिरीचा दाखला वस्तीच्या पंपाला लागू होत नाही. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. केवळ जंतूंची नव्हे, रासायनिक परीक्षा हवी, असे अर्जात स्पष्ट लिहा. अहवाल दाखवीत नसतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून त्याची नक्कल मागा. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. सर्व मार्ग खुंटले, तर २२६व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. तेथे हेच अर्ज, पोचा व अहवाल आपली बाजू मांडतील.

आणि समजा, वस्तीचा पंप दूषित निघाला व गावची सार्वजनिक विहीर निर्दोष निघाली, तर? ‘तुम्हांस निराळा पंप दिला आहे’ हे उत्तर ऐकून परतू नका. सरकारी पैशाने राखलेल्या विहिरींवर कोणासही जातीवरून मज्जाव करता येत नाही, असे १५व्या अनुच्छेदात लिहिले आहे. जो अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करील, तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ अन्वये शिक्षेस पात्र होतो. येथे पाण्याच्या प्रश्नाचे दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात.

महाडला पाण्याची शुद्धाशुद्धता माणसाच्या जन्मावरून ठरविली गेली. आपण ती परीक्षानळीने ठरवू या. येत्या पंधरवड्यात प्रत्येक वस्तीतून निदान एक अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला पाहिजे. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलामुलींनी तो लिहावा, वडीलधाऱ्यांनी सह्या कराव्यात आणि पोच घरात जपून ठेवावी.

जयभीम.