पारलिंगी नोकरदार आणि वकिलाचा उंबरठा



कामगार न्यायालयांत उमेदवारीपासून केस पांढरे होईपर्यंत वावरणाऱ्या आपणा वकील मंडळींच्या या परिषदेत अध्यक्षाने सरलेल्या वर्षातील महत्त्वाच्या निवाड्यांचा परामर्श घ्यावा, असा आपला परिपाठ आहे; परंतु आज तो बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. नोकरीच्या ठिकाणी केवळ लिंगभावाच्या कारणाने ज्यांच्याशी दुजाभाव होतो, त्या पारलिंगी स्त्रीपुरुषांना दाद मागण्यासाठी वकील मिळतो काय, आणि मिळत असल्यास तो वेळेवर मिळतो काय, हा तो प्रश्न होय.

कायद्याची वानवा आता उरलेली नाही. 15 एप्रिल 2014 रोजी न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी दिलेल्या निकालाने, संविधानाच्या समतेच्या आणि जीवितस्वातंत्र्याच्या अनुच्छेदांचे छत्र या समाजावरही तितकेच आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ती याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेली होती ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण ही संस्था, म्हणजे गरजूंना मोफत वकील देण्यासाठी निर्माण झालेली यंत्रणा. आणि आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या कामात सामील झाल्या होत्या, हे महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावे असे आहे. पुढे संसदेने केलेला पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा अधिनियम 10 जानेवारी 2020 पासून अंमलात आला. त्याचे कलम 9 भरती, बढती आणि नोकरीशी निगडित अशा प्रत्येक बाबीत भेदभावाला मनाई करते. कलम 11 प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमण्यास बांधून घेते. आणि आस्थापना या संज्ञेत सरकारी खात्यांबरोबर कंपन्या, पेढ्या, सहकारी संस्था व न्यास हे सारे येतात. त्या अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत चौकशी करावी आणि अहवाल हाती आल्यावर आस्थापनाप्रमुखाने आणखी पंधरा दिवसांत कार्यवाही करावी, अशी मुदत 2020 च्या नियमांनी घालून दिली.

तथापि या अधिनियमात एक उणीव आहे, आणि ती आपल्यासारख्या व्यवहारी माणसांनी डोळ्यांआड करू नये. कलम 18 मध्ये वेठबिगारी, सार्वजनिक जागेत अटकाव, घरातून वा गावातून हुसकून लावणे आणि शारीरिक, लैंगिक, वाचिक किंवा मानसिक छळ यांसाठी सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पण नोकरी नाकारणे किंवा नोकरीवरून काढणे एवढ्याचसाठी तेथे स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. म्हणून अशा मामल्यात दाद कोठे व कशी मागायची हे वकिलालाच ठरवावे लागते. शासकीय नोकरी असेल तर प्रशासकीय न्यायाधिकरण अथवा अनुच्छेद 226 खालील रिट, आणि खासगी कारखाना असेल तर आपले नेहमीचे कामगार न्यायालय, अशी ही वाट फुटते. ती चालता येते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पोलीस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी रकाना ठेवण्याचा प्रश्न 2022 मध्ये आपल्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आला व तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. आणि नियम करणार नसाल तर भरतीच थांबवू, अशी ताकीद मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने दिल्यावर, तोवर अडचणी सांगणाऱ्या सरकारने तो रकाना ठेवण्याचे मान्य केले. राज्याबाहेरचाही एक दाखला घ्या: उत्तर प्रदेशातील एका शाळेतून जिला बाहेर पडावे लागले आणि गुजरातेतील दुसऱ्या शाळेने नेमणुकीचा देकार देऊनही जिला रुजू करून घेतले नाही, त्या पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर 17 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई तर दिलीच, शिवाय कायदा करून स्वस्थ बसणाऱ्या शासनाच्या निष्क्रियतेलाही जबाबदार धरले. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

मग अशी दाद मागण्यासाठी माणसे वकिलाकडे येत का नाहीत? याचे उत्तर शोधताना थोडे मागे गेले पाहिजे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात या समाजातील लोकांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता; म्हणजे ज्या राजसत्तेकडे त्यांनी संरक्षणासाठी पाहावे, तिच्या दफ्तरात त्यांचे नाव प्रथम चढले ते संशयित म्हणून. तो कायदा गेला, पण कचेरीविषयीची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या कचेऱ्यांत मिळणारी वागणूक ती धास्ती घालवण्यास पुरेशी नाही.

एक प्रकरण सांगतो. एका खासगी आस्थापनेच्या लेखाविभागात काम करणारी एक पारलिंगी स्त्री माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत नेमणूकपत्र, राजपत्रातील नावबदलाची जाहिरात, काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि एक राजीनामा इतके कागद होते. पगारपावत्यांवर तिचे नवे नाव छापलेले होते, कारण मालकाने ते रीतसर मान्य केलेले होते. राजीनाम्यावर मात्र मजकुरातही जुने नाव होते आणि सहीही जुन्या नावाने घेतलेली होती. ज्या नावाने तिला पगार मिळत होता ते सोडून, जे तिने टाकून दिले होते त्या नावाने कोणी स्वेच्छेने राजीनामा लिहील काय? वरिष्ठांनी तयार करून पुढे केलेला तो कागद होता, हे ते दोन कागद शेजारी ठेवताच उघड होत होते. परंतु अनुचित कामगार प्रथांविषयीच्या आपल्या 1971 च्या अधिनियमाखाली तक्रारीसाठी असलेली नव्वद दिवसांची मुदत तोवर उलटून गेली होती. ती आधी अन्य वकिलांकडे गेली होती. तेथे मुन्शीने तिला व्हरांड्यात बसवून ठेवले, नंतर साहेब नाहीत म्हणून सांगितले, आणि पुन्हा जाण्याची तिची हिंमत झाली नाही. विलंबमाफीचा अर्ज आम्ही केला, तो मंजूरही झाला. पण त्या एका अर्जावर जितक्या तारखा पडल्या, तितक्या काळात घरभाडे थकले, आणि नोकरीवर परत जाण्याचा हक्क सोडून तिने भरपाईवर तडजोड पत्करली. त्या व्हरांड्यातल्या प्रतीक्षेने तिचे झालेले नुकसान न्यायालयाला भरून देता आले नाही, आणि मलाही नाही.

यास्तव माझे आग्रहाचे सांगणे असे की, या पक्षकाराची पहिली भेट हीच त्याच्या दाव्याची अर्धी बाजू असते. या दाव्यांत हकालपट्टीचा हुकूम क्वचितच लेखी मिळतो. मिळतो तो राजीनामा, न वाढवलेला करार, अचानक झालेली दूरची बदली, किंवा स्वच्छतागृहाच्या वापरावरून सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी दिलेला अर्ज. म्हणून हजेरीपट, पगारपत्रक, बढतीची यादी यांच्या प्रती आधी मागवाव्यात. भ्रमणध्वनीवरचे अपमानकारक संदेश पुसू नयेत व यंत्रही बदलू नये, हे पक्षकाराला बजावावे, कारण नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडल्याविना ते पुराव्यात येणार नाहीत. तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, आणि असा अधिकारीच नेमलेला नसेल तर ती गोष्ट अर्जात सर्वांत वर मांडावी. वकीलपत्रावर पक्षकार सांगेल तेच नाव लिहावे, जुन्या दस्तऐवजांतील नाव ‘उर्फ’ म्हणून खाली जोडावे, आणि हीच काळजी पारलिंगी पुरुषांच्या बाबतीतही घ्यावी. त्यांची तर आपल्याला आठवणही होत नाही.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद 39-अ मध्ये सांगितलेले मोफत विधिसाहाय्य 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 ने स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि ठरीव मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना हक्काने दिलेले आहे. ही मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपये असून नोकरी गमावून आलेला पारलिंगी पक्षकार बहुधा तिच्या आतच बसतो. त्याला विधी सेवेचा 15100 हा मदतक्रमांक ठाऊक नसेल, तर तो आपण सांगावा. तालुका विधी सेवा समितीकडचा अर्ज भरता येत नसेल, तर तो आपल्या कारकुनाने भरून द्यावा. नागपूरच्या लोकन्यायालयात 2018 साली याच समाजातील विद्या कांबळे पॅनेलवर सदस्य म्हणून बसल्या. ज्या समाजातील व्यक्ती न्यायासनाच्या बाजूला बसू शकते, त्या समाजाला आपल्या कचेरीत खुर्ची न मिळावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

विषयनियामक समितीपुढे मी एक ठराव ठेवला आहे. प्रत्येक तालुक्याच्या वकील संघाने अशी कामे विनामूल्य घेण्यास तयार असलेल्या वकिलांची यादी करावी, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी, आणि न्यायालयाच्या आवारात दर्शनी भागी मराठीत लावावी, एवढाच त्याचा आशय आहे. उद्या सकाळच्या बैठकीत तो चर्चेला येईल. त्यावर ज्यांच्या हरकती असतील त्यांनी त्या मोकळेपणाने मांडाव्यात. आणि ज्यांच्या नसतील त्यांनी सायंकाळी येथून निघण्यापूर्वी आपले नाव, तालुका आणि भेटीची वेळ चिटणिसांच्या वहीत लिहून द्यावी.