मोबाईल शिकवतो, मग वर्ग कशाला?

(दर्यापूर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला, तेव्हा एका मावशींनी आम्हांला थांबवले. म्हणाल्या, "गुर्जी, मोबाईल सारं शिकवते म्हन्तात. मंग वर्गात कायले याचं?" प्रश्न खरा आहे. आज त्याचेच बोलू.

शकुंतला गाडी तुम्ही पाहिली आहे. मूर्तिजापूरहून निघायची, दर्यापुरावरून अचलपूरला जायची. आता ती धावत नाही. धावत होती तेव्हा आपल्या वेळेला यायची, आपल्या रुळावरून जायची. बैलगाडीचे तसे नाही. जुंपली की निघाली. पाहिजे त्या धुऱ्यावर थांबली.

सरकारी साक्षरता वर्ग हा आगगाडीसारखा आहे. केंद्र सरकारने २०२२ साली नवा कार्यक्रम सुरू केला. त्याला 'उल्लास' म्हणतात. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी तो आहे. गावातलेच स्वयंसेवक शिकवतात. शेवटी परीक्षा असते. वाचनाला ५० गुण, लेखनाला ५०, हिशेबाला ५०. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ रोजी झाली. पास झाला की प्रमाणपत्र मिळते. पण मार्चात ज्याच्या घरी हरभऱ्याची काढणी निघाली, त्याने काय करावे? गाडी काही थांबत नाही.

मोबाईल थांबतो. रात्री भाकरी झाल्यावर उघडा. एकच अक्षर दहा वेळा विचारा. आजोबांचा 'घ' आणि 'ध' चुकला तर नातू हसतो. मोबाईल हसत नाही. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो पाहा. त्यावर मोबाईल धरला की धडा उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत डिसले गुरुजींनी हे असेच केले. २०२० साली त्यांना शिक्षकांचे जागतिक बक्षीस मिळाले. तो चौकोन तुम्हांलाही चालतो, त्याला वयाची अट नाही.

पण मोबाईलला तोंड आहे, ही अडचण आहे. तुम्ही बोलून विचारता, तो बोलून सांगतो. अक्षर वाचायचे राहूनच जाते. शिवाय एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. बाराखडी शिकायला बसलेला माणूस तासाने कुस्ती पाहत असतो! बैलगाडी आपली खरी, पण कासरा कोणाच्या हाती?

आता एक घडलेली गोष्ट. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने वावरात उभे राहून स्वतःच मोबाईलवर पीक नोंदवायचे. आपल्या वर्गातल्या एका भाऊंनी ठरवले, पोराच्या हाती मोबाईल द्यायचा नाही, आपणच भरायचे. मोबाईलवरच ते आकडे शिकले. वर्गात येत नसत. मग सातबारा काढला आणि वाचला. क्षेत्र लिहिले होते १.२०. रात्रभर झोप नाही. सकाळी कागद घेऊन धावत आले. "माह्यं वावर तीन एकर हाय. इथं सव्वा एकरबी नाही. कोनं खाल्लं?"

बाकावर बसलेल्या एका बाईंनी कागद पाहिला. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे एकर नाही, हेक्टर-आर हाय." १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. एका हेक्टरचे शंभर आर, म्हणजे एकूण १२० आर झाले. सुमारे ४० आरांचा एक एकर. करा भागाकार. तीन एकर! भाऊ मटकन खालीच बसले.

भाऊंनी आकडा बरोबर वाचला होता. मोबाईलने त्यांना चूक शिकवले नव्हते. पण हेक्टर विचारायचा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि न विचारलेले मोबाईल कसे सांगणार? शेजारच्या बाईंना ते चेहऱ्यावरून कळले. आणि हेही खरे, की वर्गाच्या पुस्तकात सातबारा केव्हा आला असता कोण जाणे. भाऊंना तो आजच वाचायचा होता, म्हणून आम्ही त्या दिवशी पुस्तक मिटले आणि सगळ्यांनी सातबाराच वाचला.

तेव्हा मावशी, मोबाईल घरी जरूर चालवा. वर्गात येताना तुम्हांला वाचायचा आहे तो कागद आणा. वीजबिल आणा, औषधाची चिठ्ठी आणा. परीक्षेची तयारी आम्ही त्यातूनच करून घेऊ.

मावशींनी आज बचत गटाचे पासबुक आणले आहे. तेथूनच सुरू करू. मावशी, उघडा पहिले पान.